हातभर वर रोवलेली पट्टी

घोड नदीचं पाणी भीमेला जातं, भीमेचं कृष्णेला, आणि कृष्णेच्या पाण्यावरून तीन-चार राज्यांची भांडणं. त्या भांडणापायी मला नोकरी लागली. साल पन्नासच्या पुढचं. शिनोलीजवळ काठावर सरकारने फुटांचे आकडे रंगवलेली लाकडी पट्टी रोवली होती. पावसाळाभर सकाळ-संध्याकाळ पाणी कुठल्या आकड्याला लागलं ते वहीत लिहायचं आणि आठवड्याचा कागद पुण्याला धाडायचा, एवढंच काम. पण याच नोंदींवरून आमच्या गावचा बंधारा ठरणार होता. नदी दाराशी आणि पौषातच विहिरी कोरड्या, म्हणून सगळं गाव त्या बंधाऱ्याच्या आशेवर होतं.

हे मी चावडीवर घसा फोडून सांगितलं. पण माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, कुणाकडून तरी वर्तमानपत्रातली बातमी ऐकली, की नद्यांचं जादा पाणी राज्याराज्यांत वाटणार. झालं!

"जादा दिसलं की ते नेणार. तू जरा कमी लिव."

"तात्या, कमी लिहिलं तर बंधारा कशाच्या जोरावर मागायचा?"

"तुलाच लई कळतं!"

मी ऐकेना, तेव्हा तात्यांनी त्यांना येत होतं ते केलं. बांध कोरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. हद्दीचा दगड दर वर्षी वीतभर सरकायचा आणि तो पहिल्यापासून तिथंच आहे असं ते शपथेवर सांगायचे. मी कागद टाकायला घोडेगावच्या बाजाराला गेलो, तेवढ्यात त्यांनी पट्टी उपटून काठावर हातभर वर रोवली. बुडाशी गवताची ढेकळंसुद्धा नीट बसवली. परत येऊन बघतो तर पट्टीवर नदी दीड फूट उतरलेली, आणि वर उगमाला आहुप्याकडे पाऊस तर धो धो चाललेला.

मी भांडलो, आरडाओरडा केला. पण पाणी नेतील या धास्तीनं गावही तात्यांच्या बाजूला; कुणालाही विचारा, पट्टी जागेवरच आहे म्हणत. ती पुन्हा नेमकी बसवायला पातळी मोजायची दुर्बीण घेऊन सरकारी ओव्हरसियर यायला हवा, आणि त्याला बोलवायचं म्हणजे तात्यांच्या हातात बेड्या. शेवटी पट्टीवर दिसेल ते मी मुकाट लिहीत गेलो. खोटं लिहिणार नाही म्हणून मिरवणारा मी! आजही त्याचा संताप येतो. तात्यांचा कमी, माझा जास्त.

उन्हाळ्यात ओव्हरसियर आले. चावडीवर त्यांनी कागद वाचला. या जागी बंधाऱ्याजोगं पाणी नाही, मागणी नामंजूर.

मग तात्याच माझ्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आरं, येवढी नदी दुथडी भरून व्हात व्हती. तू खरं का न्हाई लिवलंस?"

मी तोंड उघडलं. ओव्हरसियरांनी वही माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक पानावर सही माझीच होती.