चंद्रावरची कचेरी

आमचे बडेबाबू थाप मारताना चष्मा काढून पुसत. खरं बोलायचं असलं की चष्मा नाकावरच राहायचा, पण ती वेळ फारशी येत नसे.

बालाघाटच्या आमच्या सरकारी कचेरीचे ते हेडक्लार्क. गावात तेव्हा टीव्ही नव्हता. बडेबाबू दर शनिवारी बसने नागपूरला लेकीकडे जात आणि तिथे पाहिलेली मालिका सोमवारी चहाबरोबर आम्हाला सांगत. मालिका चंद्रावरच्या कचेरीची. तिथे कशालाच वजन नाही, म्हणून फायली छताला जाऊन चिकटत आणि चपराशी त्या मासे धरायच्या जाळ्याने उतरवत. साहेब म्हणजे एक मिशीवालं घड्याळ. "हाजरीवर सही केली का माणूस घरी जाते अन् त्याची सावली काम करते," बडेबाबू सांगत. "हासता काहून? मी सोता पाह्यलं!"

आमचे हे गेले आणि त्यांच्या जागी मी नुकतीच लागले होते. त्यांच्याच खुर्चीत बसायचं, म्हणून दिवसभर मान वर करत नसे. तिसऱ्या सोमवारी चंद्रावर एक नवी बाई रुजू झाली. माझ्यासारखंच तिलाही टायपिंग येत नव्हतं. मशीन मनाला येईल ते छापायचं आणि घड्याळसाहेब ओरडले की ती मुकाट्याने त्यांचे काटे मागे फिरवायची. हे गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

मग बालाघाटला टीव्ही आला. शेजारच्या टेबलावरच्या दुबेजींनी आठवडाभर डोळे फाडून तो पाहिला आणि सोमवारी भर कचेरीत विचारलं, "बडेबाबू, आपका सीरियल तो कहीं आता ही नहीं!" सगळे खो-खो हसले. बडेबाबूंनी फाईल उघडून तोंड आत घातलं. पुढच्या सोमवारीही ते चहा पिऊन गप्पच. मला भीती वाटली. चंद्रावरच्या त्या बाईच्या जोरावर मी रोज कचेरीत येत होते. ती संपली तर मी कशी येणार?

मी उठून उभी राहिले. "बडेबाबू, काल तुमी झोपलते का? मी तं पाह्यला ना भाग! चंद्रावर टीव्ही आला. तिथल्या लोकायनं आठ दिवस बालाघाटची कचेरी शोधली. दिसलीच नाही. म्हणे, अशी कचेरी नाहीच, बडेबाबू थापा मारते!"

मग दुबेजीच खुर्ची ओढून जवळ आले. "फिर?"

त्यानंतर सोमवारचे भाग आम्ही आळीपाळीने सांगितले, दुबेजींनीसुद्धा. त्यांचे भाग फार रटाळ असत.

रिटायर झाले त्या दिवशी बडेबाबू गळ्यातल्या हारासकट माझ्या टेबलाशी आले. "ताई," ते म्हणाले, "तुमी उभ्या राह्यल्या त्या दिवसापर्यंत मले वाटे, हे सिरियल मी एकटाच पाहून राह्यलो."