गुऱ्हाळावरची झोप

सुबराय हेगडे बंगळूरची नोकरी सोडून कायमचा गावी आला, तेव्हा आमच्या शिरसीकडच्या माणसांना चघळायला आयताच विषय मिळाला. कुणी म्हणालं, काढून टाकला असणार. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. शेजारच्या तिम्मण्णाने तर भर पंगतीत विचारलं, "काय रे सुब्बू, ती काचेची बिल्डिंग कोसळली की काय?"

सुबरायने शांतपणे भात कालवला. "बिल्डिंग ठणठणीत आहे. मीच कोसळायला आलो होतो."

खरंच आला होता हो! त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही, तोंड कडू होतं. सकाळी तळघरात गाडी लावायची, खांबाआड जाऊन ओकायचं, रुमालाने तोंड पुसायचं आणि लिफ्टने वर जायचं, असा याचा रोजचा नेम. वर तो साहेब, वयाने धाकटा, सगळ्यांदेखत विचारायचा, "झोपा काढायला येता का इथे?" आणि झोप तर याला कित्येक वर्षांत धड लागलेली नव्हती. वडील गेले तेव्हा हा हातात पिंड घेऊन बसलेला, आणि कनवटीचा फोन जो थरथरायला लागला तो थांबेचना. शेवटी भटजीच वैतागले, "आधी जिवंतांचं बघ बाबा, गेलेले काय, थांबतील." फोन त्याने घेतला नाही, पण नोकरी सोडायला त्यानंतरही वर्ष घालवलंच. माणसाची जात अशीच, चटका बसला तरी हात लगेच निघत नाही.

आता त्याला बघाल तर ओळखणार नाही. सुपारीच्या बागेत शीळ घालत हिंडतो, दुपारी ताकातली तंबळी आणि भात ओरपतो आणि पडला की घोरायला लागतो. बायको नागवेणी म्हणते, "अहो, आधी तुम्ही जागे म्हणून मला झोप नव्हती, आता तुम्ही झोपता म्हणून नाही!" म्हणते आणि खुदकन हसते. ती हसते हेसुद्धा त्याला इथे आल्यावरच दिसलं.

सुखी आहे तो. उगाच कशाला खोटं बोलू? पण एक काटा आत राहिलाच. लेक, सिंचना; लाडाने हा तिला 'कूसे' म्हणतो, म्हणजे बाळे. हा परत आला आणि ती तिकडे नोकरीला लागली, तसल्याच काचेच्या बिल्डिंगमध्ये. बापाकडे आता वेळच वेळ आणि लेकीकडे तो नाही. दर माघात आमच्याकडे गुऱ्हाळ लागलं की हा फोन करायचा, "कूसे, चरक सुरू झाला. येतेस ना रस प्यायला?" पलीकडून उत्तर ठरलेलं, "बघते अप्पय्या, या आठवड्यात जरा गडबड आहे." हा फोन ठेवायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. गुऱ्हाळावर सगळ्या जगाची लेकरं येतात. आमच्याकडे चरकावर आलेल्याला रस विकत नाहीत, ओळखीचा असो नसो, तांब्या भरून हातात देतात. परक्यांच्या पोरांना रस पाजताना याचा जीव तुटायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

या वर्षी ती आली. शनिवारी सकाळच्या बसने, पाठीवर लॅपटॉपची बॅग, डोळ्यांखाली काळं. बापाने ते काळं बघितलं आणि त्याला आपला तो खांब आठवला. रसाचा तांब्या देता देता तो बोलून गेलाच, "कूसे, सोडून दे ती नोकरी."

"तू सोडलीस ती सगळं करून झाल्यावर," ती म्हणाली. "माझं अजून काहीच झालेलं नाही."

तिने चुरमुरे खाल्ले, दोन तांबे रस प्याली, आणि चिपाडांच्या ढिगावर जाऊन बसली, कारण फोनला रेंज फक्त तिथे. "दोन वाजता मला बोलायचंय ऑफिसशी. जरा पडते. उठवशील ना? नक्की?"

"उठवतो की."

पडल्या पडल्या मेल्यागत झोपली पोर. तिम्मण्णा चरकाच्या रेड्यांना पाण्यावर घेऊन गेला, बाकीचे जेवायला घरी. काहिलीवर एकटा सुबराय. आमच्याकडे गुळाची ढेप पाडत नाहीत, काकवीच करतात, पातळ, सोनेरी. ती उतरवायची वेळ टळली की संपलं. एवढ्यात ऊन सरकलं आणि लेकीच्या तोंडावर आलं. सुबराय झारा ठेवून गेला आणि डोक्यावरची पोफळीच्या विरीची टोपी तिच्या चेहऱ्यावर धरून उभा राहिला.

दोनला तिचा फोन वाजला. त्याने बघितलं, तिला बघितलं, आणि आवाज बंद केला. परत थरथरला. परत. झोपेत तिचं तोंड किंचित उघडं होतं, अगदी लहानपणी असायचं तसं. तसं म्हणजे, असायचं असं नागवेणी सांगते. याने कुठे बघितलं होतं?

तिम्मण्णा परतला तो लांबूनच बोंबलत, "अरे सुब्बू! काहील! काहील!" तोवर काकवी करपून काळीठिक्कर. "साहेब, हे ऑफिस नव्हे! इथे लक्ष ठेवावं लागतं!" त्याच्या ओरडण्याने सिंचना दचकून उठली. फोन बघितला आणि पांढरीफटक पडली.

"का नाही उठवलंस? सांगितलं होतं ना मी?"

"झोप लागली होती गं तुला..."

"माझ्या झोपेचं ठरवणारा तू कोण? तिकडे साहेब ठरवतो, इथे तू!"

संध्याकाळच्या बसनेच गेली. नागवेणीने डब्यात बांधलेले दोसेही नेले नाहीत. गावाने पुढचा आठवडाभर करपलेल्या काकवीची थट्टा केली, कुणी याला 'डांबरवाला' म्हणालं, आणि हा हसला नाही की चिडला नाही. रात्री घोरायचा थांबला, तेव्हा मात्र नागवेणी घाबरली. मला म्हणाली, "पोर गेली, आता यांची झोपही घेऊन गेली." मिळालेलं सगळं सुख एका दुपारी हातचं घालवलं, असंच त्याच्या मनाने घेतलं होतं.

मग एका सकाळी तो बागेत आळ्यांना पाणी सोडत असताना तिचा फोन आला.

"अप्पय्या, काकवी खरंच करपली होती?"

"कोळसा झाला."

"तू होतास कुठे?"

"तुझ्यापाशी. ऊन येत होतं तुझ्यावर."

"सगळा वेळ?"

"हो."

मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिने ओ दिली नाही.

"लहानपणी मी तुझ्यासाठी जागी राहायचा प्रयत्न करायचे," ती म्हणाली. "झोप लागायचीच. तू येऊन, निघूनही गेलेला असायचास. त्या दिवशी पहिल्यांदा मी जागी झाले आणि तू समोर होतास. आणि मी तुझ्यावरच ओरडले."

सुबरायच्या हातातली नळी भलत्याच आळ्यात वाहत राहिली.

"ये गं कूसे," एवढंच त्याला जमलं. "झोपायला ये."