माफीचा प्रसंग न गाळणाऱ्या सुमेधाताई

सुमेधाताई रामटेके यांना मी पहिल्यांदा भेटले, तेव्हा माझ्या पिशवीत एक खून होता. मी स्वतः लिहिलेला. तेव्हा मी तुमसरच्या एका शाळेत शिकवत होते आणि दूरचित्रवाणीसाठी लिहावे, असे मनात घेऊन बसले होते. दर शुक्रवारी लागणारी ती पोलिसतपासाची मालिका लिहिणाऱ्या बाई आपल्याच जिल्ह्यातल्या, करडीच्या, आणि राहतात वरठीला, हे कळल्यावर मला राहवले नाही. एका रविवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले.

ताईंनी चहा दिला, माझी पाने शांतपणे वाचली आणि चष्मा काढून विचारले, ‘‘खुनी कोण हे इन्स्पेक्टरले कसं समजलं?’’

‘‘त्यांच्या स्वप्नात ती मेलेली बाई येते आणि सांगते,’’ मी म्हणाले.

‘‘बाई वं,’’ ताई म्हणाल्या, ‘‘सपन कोर्टात चालत नाही.’’

आणि त्या इतक्या मनमोकळ्या हसल्या की मलाही हसू आले. त्या दुपारी मी घरी परतले, ती त्यांची शिष्या होऊनच.

ताईंनी मालिका लिहायला घेण्यापूर्वी अनेक वर्षे भंडाऱ्याच्या न्यायालयात लघुलेखिका म्हणून नोकरी केली. साक्षीदार बोलत, वकील आडवेतिडवे विचारत आणि ताई ते सारे टिपून घेत. माणूस खोटे बोलताना कुठे थांबतो, खरे बोलताना कुठे चाचरतो, हे त्यांनी तिथे ऐकले. त्यामुळे त्यांच्या भागांतील जबाब कधी पुस्तकी वाटत नाहीत. त्यांच्या एका भागातला साक्षीदार खुनाच्या वेळेविषयी विचारले असता ‘‘म्हशी परत आल्या होत्या’’ असे सांगतो. आमच्याकडे वेळ अशीच सांगतात.

तपासमालिकेचे काही ठरलेले संकेत असतात, आणि ताई ते मोठ्या प्रेमाने पाळतात. सकाळी फिरायला निघालेल्या माणसालाच प्रेत सापडते. ज्याच्यावर पहिला संशय येतो, तो कधीच गुन्हेगार नसतो. जाहिरातींच्या आधी फोन वाजतोच वाजतो. प्रयोगशाळेचा अहवाल तर दोन जाहिरातींच्या मधल्या वेळात हजर! भंडाऱ्याचे एक निवृत्त हवालदार एकदा ताईंना म्हणाले, ‘‘ताई, सगळं बरोबर दाखवता, फक्त एक चुकते. तुमची जीप दर वेळेस पहिल्याच झटक्यात चालू होते.’’ पुढच्याच भागात ताईंनी इन्स्पेक्टरसाहेबांना जीप ढकलायला लावली. हवालदारसाहेबांनी मोहल्ल्यात पेढे वाटले.

मी एकदा धीर करून विचारले, ‘‘ताई, दर आठवड्याला तेच घडते, तरी लोक कंटाळत कसे नाहीत?’’

त्या म्हणाल्या, ‘‘लोकायले खून नाही पाहाचा राहत. मी कोर्टात पाहिलं ना, माणूस येते, तारीख घेते, चालला जाते. त्याले कोणी इचारतच नाही. आपल्या मालिकेत कोणीतरी शेवटपर्यंत इचारत राहते. म्हणून पाहतात लोक.’’

या विचारावर ताई किती ठाम आहेत, हे मी त्यांची साहाय्यक झाल्यावर पाहिले. एका भागात सोसायटीच्या चौकीदाराला पोलीस चोर म्हणून पकडतात आणि दोन दिवसांनी खरा चोर सापडतो. शेवटी इन्स्पेक्टर त्या चौकीदाराच्या खोलीवर जातात, सगळ्या शेजाऱ्यांसमोर ‘‘आमचं चुकलं’’ म्हणतात आणि भाग संपतो. ताईंच्या प्रत्येक कथेत निर्दोष सुटलेल्या माणसासाठी असा एक प्रसंग असतोच. वाहिनीच्या नव्या अधिकाऱ्यांनी मुंबईहून व्हिडिओ कॉल केला.

‘‘ताई, तो शेवटचा सीन काढा. चोर सापडला, गोष्ट संपली. लोक तिथे चॅनल बदलतात.’’

ताई मुंबईच्या माणसांशी एरवी प्रमाण मराठीत बोलत. त्या दिवशी तसे झाले नाही. ‘‘गोष्ट तुमची संपली, साहेब. त्या चौकीदाराची काहून संपन? त्याले उद्या त्याच गल्लीत राहाचं आहे.’’

‘‘मग आम्हाला दुसरा लेखक बघावा लागेल.’’

‘‘पाहा,’’ ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खरेच दुसरे लेखक आले. माझी नोकरी मी नुकतीच सोडली होती, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला. ताई मात्र करडीला भावाच्या शेतावर रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, निघून गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या गुडघाभर चिखलात उभ्या राहून बायांना कुठल्याशा भागातली उलटतपासणी करून दाखवत होत्या आणि बाया धानाच्या रोपांच्या पेंढ्या हातात घेऊन खो खो हसत होत्या. बांधावर आल्यावर मी चिंता बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘वैशाली, मालिका गेली तं गेली. मले रोवणी येते. तुले शिकवता येते. भेव कायचं?’’

पण मालिका गेली नाही. चौकीदाराचा भाग माफीविना दाखवला गेला आणि प्रेक्षकांचे फोन सुरू झाले. चोराविषयी कोणी काही विचारत नव्हते. ‘‘त्या चौकीदाराचं पुढे काय झालं?’’ एवढेच सारे विचारत होते. रोवणी आटोपायच्या आत वाहिनीने ताईंना परत बोलावले. पुढच्या भागाची सुरुवातच इन्स्पेक्टरांनी चौकीदाराच्या खोलीवर जाऊन केली.

याहून मोठी पावती ताईंना त्यांच्या गावातच मिळाली. एका उन्हाळ्यात बुद्धविहारातल्या कार्यक्रमासाठी आम्ही करडीला गेलो होतो. सकाळी चावडीजवळ गर्दी दिसली. केशव शेंडे नावाच्या शेतकऱ्याची बोडीवरची, म्हणजे छोट्या तळ्यावरची, पाण्याची मोटर नाहीशी झाली होती. उन्हाळी धान ऐन पाण्यावर आलेले. संशय गणपत नावाच्या मजुरावर होता, कारण कधीकाळी त्याला कोणाच्या तरी बागेतून आंबे नेताना पकडले होते. चार जणांनी त्याला घेरले होते आणि एकाने त्याची कॉलर धरली होती. गणपतची बायको रडत होती.

ताई गर्दीत शिरल्या. ‘‘कॉलर सोड पहिले,’’ त्या कॉलर धरणाऱ्याला म्हणाल्या. त्याने सोडली. ‘‘मोटर शेवटी कोणं पाहिली?’’

मग काय! गावातला प्रत्येक जण शुक्रवारचा प्रेक्षक. एकाने पायांचे ठसे पाहायला सांगितले, दुसऱ्याने नट कापले की खोलले ते तपासायला सांगितले, तिसरा गणपतच्याच बाजूने बोलू लागला, ‘‘पहिला संशय ज्याच्यावर, तो नसते राजेहो!’’ ताईंनी सगळ्यांना शांत केले आणि त्या एकेकाला विचारत निघाल्या. शेवटी त्या केशवच्या अंगणात पोचल्या. तिथे त्याची म्हातारी आई तांदूळ निवडत बसली होती.

‘‘आजी, मोटर कोठी गेली, काई माहीत आहे?’’

‘‘हो. जावई घेऊन गेला ना, वरठीले. वाइंडिंग जळली म्हणे.’’

केशव कपाळाला हात लावून उभा. ‘‘माय, मंग सांगतलं काहून नाही?’’

‘‘मले कोणं इचारलं?’’ आजी म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

हशा उसळला आणि लोक पांगू लागले. ताई हलल्या नाहीत. गणपत तिथेच मान खाली घालून उभा होता. ताई काही बोलणार, एवढ्यात केशवच पुढे झाला. जाणाऱ्यांना त्याने हाक मारून थांबवले, घरातून खुर्ची आणली, गणपतला बसवले आणि सगळ्यांसमोर हात जोडले. ‘‘गणपतभाऊ, चुकलं माहं.’’ मग कॉलर धरणाराही पुढे आला. गणपतच्या बायकोने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘आता चहा तरी पाजा.’’ चहा झाला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पहिल्यांदा पाहिले.

ताईंच्या ममतेविषयी लिहायचे तर माझ्या आईची गोष्ट सांगायलाच हवी. पडद्यावर साहाय्यक म्हणून माझे नाव झळकावे, यासाठी ताईंनी वाहिनीशी पाठपुरावा केला. ज्या शुक्रवारी ते येणार होते, त्या दिवशी नाकाडोंगरीला आमच्या घरात अर्धे गाव जमले. नावे भरभर वर सरकली. आई चष्मा शोधत राहिली आणि माझे नाव निघून गेले. मी ही गंमत म्हणून ताईंना फोनवर सांगितली. ताई हसल्या नाहीत. त्या रविवारी वरठीहून एसटी बदलत बदलत त्या आमच्या घरी आल्या, आईच्या शेजारी चटईवर बसल्या, मोबाइलवर तो भाग लावला आणि बरोबर माझ्या नावावर थांबवला. आई एकेक अक्षर बोट ठेवून वाचत गेली. नंतर म्हणाली, ‘‘राहू द्या थोडा वेळ तसंच.’’ ताईंनी फोन तिच्या हातात तसाच राहू दिला आणि त्या माझ्याबरोबर स्वयंपाकघरात भाजी चिरायला आल्या.

आज ताई साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. आम्हा सर्व सहकाऱ्यांच्या, शिष्यांच्या आणि शुक्रवारी जेवण लवकर आटोपून बसणाऱ्या असंख्य घरांच्या वतीने मी त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करते. त्यांचे गुडघे रोवणीला साथ देत राहोत, नजर तल्लख राहो, आणि त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या गौरवग्रंथासाठी दोन शब्द मागायला मी ताईंच्या आईंकडे गेले होते. नव्वदीला टेकलेल्या आई प्रत्येक भागात खुनी कोण ते सुरुवातीलाच जाहीर करतात, त्यांचा अंदाज दर वेळी चुकतो, आणि लेक असूनही ताई त्यांना आधी काही सांगत नाहीत. लेकीला काय आशीर्वाद द्याल, असे मी विचारले. आई दारात उन्हाला बसल्या होत्या. थोडा विचार करून म्हणाल्या, ‘‘जवरिक मी आहो, तवरिक इनं लिहावं. अन् मले तं जाची काईच घाई नाही.’’