डावीकडची जागा

तुमची आई सांगते की तिकडे तुम्हा दोघांनाही गाड्यांचं वेड लागलंय. ते कुठून आलं ते मला माहीत आहे. म्हणून आजोबांच्या गाडीची हकीकत लिहून ठेवते, आणि घडली तशीच लिहिते.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही सिल्वासाला डोकमर्डीत भाड्याच्या घरात राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, आजोबा सामरवरणीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते, आणि तुमची आई शिकायला पुण्याच्या हॉस्टेलवर गेली होती. घर रिकामं झालं आणि त्याच वर्षी आजोबांनी दमणच्या एका गृहस्थांकडून जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली. लाल, बुटकी, आणि दोनच माणसांची. उजवीकडे चालवणारा, डावीकडे आणखी एक. त्या डावीकडच्या जागेवर माझ्याशिवाय कुणी बसेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

गाडीचे धक्के झेलणारे शॉकअप पार गेले होते. खड्ड्यातून गेली की ती होडीसारखी डुलत राहायची. आजोबांनी भाच्याकरवी परदेशातून नवा संच मागवला. चार शॉकअप, प्रत्येकाभोवती स्प्रिंग, आणि अंगावर बरणीच्या तोंडाला असतात तसे आटे. त्या आट्यांवर एक कडी. कडी वर फिरवली की गाडी त्या चाकापाशी उंच होते, खाली फिरवली की बसते. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती.

सुरुवातीचे रविवार आम्हा दोघांचेच होते. मी पुस्तिका वाचून सांगायची आणि ते तसं करायचे. प्रत्येक चाकाचे नटबोल्ट मी वेगळ्या वाटीत ठेवले आणि वाट्यांना चिठ्ठ्या लावल्या. पुढचे दोन्ही शॉकअप बसले. लग्नानंतर आम्ही इतकं एकमेकांशी क्वचितच बोललो असू, आणि ते सगळं नटबोल्टांबद्दल.

मागचा एक जुना बोल्ट गंजून अडकला, तेव्हा ते तिला घेऊन आले.

ती त्यांच्या मेंटेनन्स विभागात नव्यानं लागलेली इंजिनिअर होती. धुळ्याकडची, पंचविशीची. ओढणी कमरेला बांधून ती सरळ गाडीखाली गेली.

"सर, काय करून राहिले तुम्ही? याला हातोडा नाही चालत. तेल पाजा त्याला, अन् तोवर आपण चहा पिऊ."

बोल्ट निघाला. मी पुस्तिका उघडून पुढची पायरी वाचायला लागले, तर गाडीखालून आवाज आला, "वहिनी, ते राहू द्या हो. मला दिसतंय सगळं."

तेव्हापासून मी चहा करणारी झाले.

तुम्ही आता मोठे आहात म्हणून स्पष्ट लिहिते. तसला संशय मला एक दिवसही आला नाही. माझा मत्सर वेगळा होता. ती अर्धं वाक्य बोलायची आणि उरलेलं त्यांना कळायचं. मी पूर्ण वाक्यं बोलणारी बाई. माझी वाक्यं पूर्ण होईपर्यंत ते पेपरचं पान उलटायचे. तिचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे आणि ते काळे हात मला सुंदर दिसायचे. हे मला सगळ्यात असह्य होत होतं.

मग डोंगरातल्या खानवेलला जायचं ठरलं. कारखान्यातली काही मंडळी रविवारी आपापल्या गाड्या घेऊन त्या वळणांच्या रस्त्यानं जाणार होती. आजोबा भात कालवता कालवता म्हणाले, "तिला बरोबर घेतो. कुठलं चाक वाजतं ते तिला नुसतं ऐकून कळतं."

"आणि मी?"

"तुला वळणांवर मळमळतं ना."

ते खरं होतं. मी आमटी वाढली.

शनिवारी गाडीची उंची लावायची होती. जी माणसं जाणार, ती आत बसवूनच चारही चाकांपाशी माप घ्यायचं असतं, कारण वजनानं स्प्रिंग दबते. आजोबा चालकाच्या जागेवर बसले. ती हातात फीत घेऊन उभी होती.

"डावीकडे कोण?"

"तूच बस की," आजोबा म्हणाले.

"मग कडी कोण फिरवणार?"

"मी," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला आणि तिच्या हातातला आकड्यासारखा पाना घेतला. गाडी जॅकवर उचलायची, चाकामागे हात घालून कडी फिरवायची, गाडी खाली घ्यायची, त्यांना आत बसवायचं आणि मोजायचं. जॅकवरून उतरवलेली गाडी आधी थोडी मागेपुढे ढकलावी लागते, नाहीतर माप खोटं येतं. हे पुस्तिकेत होतं आणि त्या दोघांच्या लक्षात नव्हतं. मी सांगितलं.

"बरोबर बोलल्या वहिनी. सर, आपण नुसतेच मोजत बसलो असतो."

अगदी मनापासून म्हणाली. तिनं जरा नाक मुरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी डाव्या चाकापाशी गुडघे टेकून तिच्या वजनाला गाडी लावत होते, आणि माझ्या डोक्यावर त्या दोघांचं कशावरून तरी हसणं चाललं होतं. शेवटी चारही मापं जुळली. गाडी पाटासारखी सरळ उभी राहिली.

"आता उतर," मी तिला म्हणाले. "मला बसू दे."

मी बसले. तिनं गाडी ढकलली आणि मोजलं. डावी बाजू चांगली अर्धं बोट खाली गेली होती. ती फीत गुंडाळत म्हणाली, "सर, गाडी माझ्यासाठी लावायची का वहिनींसाठी, ते ठरवून घ्या. दोघींना नाही लागत ही."

आजोबांचे हात स्टिअरिंगवर होते. "अगं, तुला त्रास होईल म्हणून—"

"होऊ दे. माझ्यासाठी लावा."

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग तिला म्हणाले, "जॅक आण."

रविवारी मी गेले. ती मागून कुणाच्या तरी जीपमधून आली. गाडी वळणांवर अजिबात झुकत नव्हती, रस्त्याला चिकटून चालली होती, आणि तरीही सागाच्या झाडांखाली मला उलटी झाली. आजोबांनी पाणी दिलं. "सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत, हे मात्र मी त्यांच्या बाजूनं लिहिते.

खानवेलला पोचेपर्यंत मागचं डावं चाक टकटक वाजायला लागलं. ती जीपमधून उतरली आणि रस्त्यावर आडवी झाली. आजोबा शेजारी उकिडवे बसले.

"इथे?"

"कडी."

"सैल?"

"हं."

माझ्यापासून हातभर अंतरावर. गाडी माझ्या वजनाला लावलेली होती, जागा माझी होती, आणि बोलणं खाली चाललं होतं.

कडी घट्ट करून, हात पुसत ती माझ्या दाराशी आली. "वहिनी, जाताना थोडा वेळ मी बसू का इथे? आवाज गेला का बघते. जीप हळू चालते, तुम्हाला पण त्रास नाही व्हायचा."

अगदी शहाणपणाचं बोलणं होतं. आजोबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना काय हवं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले. आज कुणी विचारलं तरी नाहीच म्हणेन.

"बरं," ती हसून म्हणाली आणि जीपकडे गेली.

थोडं पुढे आल्यावर आजोबांनी विचारलं, "आवाज येतोय का गं?"

मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि सिल्वासापर्यंत वाऱ्यात ऐकत आले. चाकाचा आवाज कुठला आणि रस्त्याचा कुठला, मला काहीही कळत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा विचारत होते आणि मी प्रत्येक वेळी सांगत होते, "नाही येत."