आठ धडे आणि एक पत्र्याचा डबा

मंगळवारी कार्बनताईच्या हातून मिक्सर सुटला आणि तिच्याच पायावर आपटला. पायाला काही झालं नाही, मिक्सरलाही नाही. झालं होतं ते उजव्या अंगठ्याला, आणि तेही काही आज झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी अंगठा इकडेतिकडे वाकवून पाहिला आणि म्हणाले, "एकोणीस वर्षं स्क्रू पिळलेत तुम्ही. सांधा झिजलाय. यापुढे दिवसाला दोन तास, त्याच्यावर एक मिनिट नाही."

"म्हणजे कपलर गेलाय," ताई म्हणाली. मिक्सरच्या भांड्याखाली जो दातेरी रबरी तुकडा असतो, त्याला कपलर म्हणतात. दाते झिजले की मोटर फिरते आणि भांडं ढिम्म. "बदलून टाका."

"माणसाचा मिळत नाही."

"मग कसले डॉक्टर तुम्ही!" असं म्हणून ती उठली. पट्टा मात्र बांधून घेतला.

ताईचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, सहा फूट बाय आठ फूट. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला लॉन्ड्री. आत एक बाक, बाकावर बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवलेले स्क्रू, भिंतीला टांगलेले पंखे, आणि इस्त्र्या अशा ओळीने उभ्या की जणू कुठे कवायतीला निघाल्यात. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन छोटे ठोकळे असतात, ते झिजतात, बदलावे लागतात. ते बदलून बदलून हिची बोटं कायमची काळी. म्हणून कार्बनताई. तिच्या पाठीमागे पडलेलं नाव तिने पुढे ओढून दुकानाच्या पाटीवरच रंगवून घेतलं. चिडवणाऱ्यांची बोलती बंद.

शिकली कुठे? कुठेच नाही. एका दुरुस्तीच्या दुकानात झाडूपोछा करायची. तिथल्या मिस्त्रीने तिला हत्याराला हात लावू दिला नाही. "बाईमाणसाचं काम नाही हे," म्हणाला. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं, त्याच्या घरातला पंखा ऐन उकाड्यात बंद पडो! ताईने वाद घातला नाही. भंगारात टाकलेल्या मोटरी घरी नेल्या, उघडल्या, जोडल्या, पुन्हा उघडल्या. तीन वर्षांनी त्याच मिस्त्रीची गिऱ्हाइकं तिच्या जिन्याखाली रांग लावून उभी.

आता मात्र दोन तास. दोन तासांत दुकान चालत नाही, आणि ताई रिकामी बसत नाही. हात चालणार नसतील, पण तोंडाला तर कुठल्या डॉक्टरने मनाई केलेली नव्हती. वस्तीतलं प्रौढ शिक्षण केंद्र लोकांना घरबसल्या शिकवायचे ऑनलाइन कोर्स काढत होतं. घरातली उपकरणं दुरुस्त करायचा एक कोर्स त्यांना हवा होता. ताई जाऊन उभी राहिली. केंद्राच्या मॅडम, चष्म्याला साखळी लावलेल्या, मोजून बोलणाऱ्या, म्हणाल्या, "शनिवारपर्यंत आठ धड्यांचे विषय आणा. एका डिप्लोमावाल्यांनी त्यांची फाइल आधीच दिली आहे. दोन्ही बघून ठरवू."

डिप्लोमा हा शब्द ताईला मुंगीसारखा चावला.

बुधवारचा सगळा दिवस तिने एका जाडजूड पुस्तकात डोकं घातलं. गुरुवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर कागद. विजेची ओळख. विद्युतप्रवाहाचे प्रकार. चुंबकत्व. रोध आणि त्याचे मापन. असे आठ, खाली पट्टीने ओढलेली रेघ.

मॅडमनी वाचलं. "सगळं बरोबर आहे, ताई. पण हेच त्यांच्याही फाइलमध्ये आहे, आकृत्यांसकट. यात तुमचं काय?"

"वीज सगळ्यांची एकच असते, मॅडम. माझी वेगळी कुठून आणू?"

"तसं नाही म्हणत मी..."

"कळलं, कळलं. कागदावर शिक्का नाही ना आमच्या!" खुर्ची मागे सरली, दार आपटलं. जिना उतरल्यावर लक्षात आलं की पिशवी खुर्चीलाच राहिली. परत जाणं शक्य नव्हतं. पिशवीपेक्षा नाक महाग.

दुकानात भाची येऊन बसली होती. बहिणीची मुलगी, फोनवर व्हिडिओ करण्यात पटाईत, मावशीचे धडे तीच चित्रित करणार होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "विषय राहू दे. आधी मला एक काहीतरी शिकव. ही इस्त्री मी उघडते, तू नुसतं सांग."

"उघड. मागचा स्क्रू. डावीकडे फिरव. अगं डावीकडे! जोर लाव. अशी काय धरलीस, लेखणी आहे का ती? आण इकडे."

स्क्रूड्रायव्हर ताईच्या हातात. भाचीने तो परत घेतला. दुसऱ्या स्क्रूला पुन्हा तेच. तिसऱ्याला भाचीने हात पाठीमागे लपवले. "मावशी, तू शिकवत नाहीस. हिसकावतेस!"

ताई काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात एक गृहस्थ वाफेची इस्त्री घेऊन आले. "ताई, ही शर्टावर थुंकते हो. कालपासून."

ताईने पुठ्ठ्याची एक चिठ्ठी घेतली, तिच्यावर लिहिलं, 'शर्टावर थुंकते', आणि इस्त्रीच्या मुठीला दोऱ्याने बांधली. गृहस्थ गेले.

"हे असं लिहितेस तू?"

"मग कसं लिहू? ते म्हणाले ते लिहिलं." आणि एकदम विषय बदलून, "तो बाकाखालचा फडका दे."

भाची बाकाखाली वाकली. फडक्याऐवजी तिच्या हाती बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आला, चांगला जड. झाकण निघालं आणि आतून चिठ्ठ्यांचा ढीग बाहेर सांडला. चार-पाचशे तरी असतील.

"ठेव तो!" ताई इतक्या जोरात ओरडली की झेरॉक्सवाल्याने डोकावून पाहिलं. "तुम्ही तुमचं मशीन बघा," तिने त्यालाही सुनावलं.

पण भाची वाचायला लागली होती. 'पंखा आळसावलाय.' 'केटली तापते पण मनापासून नाही.' 'मिक्सर खोकतो आणि गप्प बसतो.' 'इस्त्री तिला वाटेल तेव्हाच तापते.' आणि प्रत्येक चिठ्ठीच्या मागे ताईच्या अक्षरात काय निघालं ते. 'आतली गोल डबी गेली होती, बदलली.' 'वायर मुठीपाशी आतून तुटलेली. बाहेरून दिसत नाही.' वाचता वाचता भाची हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ताईचा चेहरा पडला. "हस. हसून घे. तेव्हा तुझ्या मावशीला एकाही भागाचं नाव माहीत नव्हतं. थर्मोस्टॅट म्हणजे मला औषध वाटायचं. मिस्त्री लोक वहीत काय ते इंग्रजी लिहायचे. मी लिहिणार काय? गिऱ्हाईक बोललं तेच लिहायची, आणि मागे जे सापडलं ते. पुढे नावं शिकले, पण सवय सुटली नाही. म्हणून तर डबा बाकाखाली असतो. लोकांना दाखवायचा नसतो."

भाचीचं हसू थांबलं. "मावशी, मी तुला हसत नव्हते. माझा पंखा बिघडला तर मी काय म्हणणार आहे? कपॅसिटर गेला? मी हेच म्हणणार ना, पंखा आळसावलाय! ज्याला काहीच येत नाही तो असंच बोलतो. आणि कोर्स कुणासाठी आहे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो ताईने काल दिवसभर जाड पुस्तकातून घातला होता. पण हे कबूल करायला तिला पाच मिनिटं लागली, आणि कबूल केलं तेही तिच्याच पद्धतीने. "बघतेस काय? उचल डबा. घरी चल."

शुक्रवारी दुपारी घरातल्या फरशीवर चिठ्ठ्या पसरल्या गेल्या. सारखी तक्रार सारख्या ढिगात. मदतीला ताईची थोरली नणंद होती. ती याच घरात राहायची, विजेला वाघाला भ्यावं तशी भ्यायची आणि बाकी जगात कुणालाच भ्यायची नाही.

"हा ढीग कसला गं?" नणंदेने विचारलं.

"जळका वास येतो."

"आणि हा?"

"आवाज येतो, फिरत नाही."

"आणि हा डोंगर?"

तो सगळ्यात मोठा ढीग होता. भाचीने वरच्या चार चिठ्ठ्या वाचल्या. 'मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं.' 'कुणी हातसुद्धा लावला नाही.' 'काल चांगलं होतं, मी काही केलं नाही.' 'देवाशप्पथ काही केलं नाही.'

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. म्हणजे दोघी हसल्या. नणंद पदराशी चाळा करत बसली.

"वन्सं," ताईने डोळे बारीक केले. "आपला मिक्सर कुठाय? सोमवारपासून ओट्यावर दिसला नाही."

"कपाटात आहे," नणंद म्हणाली. "बंद पडलाय. पण वहिनी, शपथेवर सांगते, मी काहीच..."

"केलं नाही!" दोघी एकसुरात.

"मेकॅनिकच्या घरात मिक्सर लपवून ठेवायचा म्हणजे कमाल झाली, वन्सं! आणा इकडे." ताईचा हात पुढे गेलाच होता, पण भाचीने मध्येच ओरडून अडवलं. "हात मागे, मावशी! तो असाच उद्या केंद्रात न्यायचा. आणि आत्याबाई, तुम्हीही चला."

शनिवारी मॅडमच्या टेबलावर डिप्लोमावाल्यांची निळी फाइल होती, आणि तिच्याशेजारी बिस्किटांचा डबा जाऊन बसला. ताईची पिशवी खुर्चीला अजून तशीच टांगलेली होती. ताईने ती पाहिली, मॅडमनी ताईला पाहताना पाहिलं, आणि दोघींनी ती न पाहिल्यासारखं केलं.

"हे माझे आठ विषय," ताई म्हणाली. कागदावर आठ ओळी होत्या. पहिली, 'मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं.' दुसरी, 'पंखा आळसावलाय.' तिसरी, 'शर्टावर थुंकते.' मॅडमनी डब्यातल्या चिठ्ठ्या चाळल्या, पुढून, मग मागून. ओठांचे कोपरे हलले, पण लगेच जागेवर आले.

"छान आहे. पण एक शंका आहे. पडद्यातून तुमचा हात पोचणार नाही, ताई. माणूस घरी एकटा असेल, घाबरलेला असेल. त्याच्या हातून कसं करून घ्याल?"

हीच गोम होती, आणि ताईला ती ठाऊक होती. तिने नणंदेला टेबलापाशी उभं केलं, मिक्सर समोर ठेवला, स्वतः चार हात लांब खुर्चीवर बसली आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले.

"वन्सं, प्लग लावलाय का?"

"नाही बाई!"

"मग त्याला घाबरायचं कारण नाही. प्लग नाही म्हणजे त्याच्यात जीव नाही. भांडं काढा. आता आडवा करा. आडवा हो, उलटा नाही... नाही, म्हणजे..." मांड्यांखालचे हात वळवळले. नणंद मिक्सर फणस धरावा तसा छातीशी धरून उभी. ताईच्या जिभेच्या टोकावर तीन शब्द आले होते, तिन्ही चारचौघांत न बोलण्यासारखे. तिने ते गिळले. मग हळूच विचारलं, "बंद पडला तेव्हा काय झालं, सांगा. मी रागावणार नाही."

नणंदेने मॅडमकडे पाहिलं, भाचीच्या फोनकडे पाहिलं. "भांडं जरा जास्त भरलं मी. गच्च. पाणी न घालता. तो कण्हला. मी बटण दाबूनच धरलं. मग टक् झालं आणि गेला."

"टक्! शाब्बास. तो मेला नाही, वन्सं. रुसला. जास्त ओझं झालं की जळून जाण्याआधी तो स्वतःला बंद करून घेतो. आता त्याला आडवा निजवा आणि तळाशी बघा, लाल काही दिसतंय?"

"एक लाल बटण आहे. बाहेर आलंय."

"ते आत ढकला."

"मी?"

"मग मी? माझे हात बांधलेत."

नणंदेने डोळे मिटले, बोट लावलं आणि ढकललं. टक्. मिक्सर उभा केला, रिकामं भांडं बसवलं, प्लग लावला, खटका फिरवला. मिक्सर असा गरजला की नणंद किंचाळली, मॅडमच्या कपातला चहा निळ्या फाइलवर सांडला आणि बाहेरचा शिपाई धावत आला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," नणंद ताठ उभी राहून म्हणाली. "मिक्सर दुरुस्त केला."

मॅडमनी रुमालाने फाइल टिपली, फारशी घाई न करता. "सोमवारपासून चित्रीकरण. आठ धडे. पण तुमचं ते वाक्य, 'माझे हात बांधलेत', ते प्रत्येक धड्यात हवं."

"आठच का? डब्यात वीस-पंचवीस विषय आहेत."

"आठच म्हटलंय."

"मग आठ करू. उरलेलं लोकांनी जरा दमाने बिघडवावं."

निघताना ताईने खुर्चीवरची पिशवी उचलली, तिच्यातून एक कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं, चिठ्ठीवर एक ओळ लिहिली आणि दोन्ही नणंदेपुढे धरलं. "पुढे मी लिहिलंय. मागे काय निघालं ते तुम्ही लिहा. काम ज्याचं, अक्षर त्याचं."

पुढे होतं, 'मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं.' नणंदेने चिठ्ठी उलटली, पेनाचं टोक जिभेला लावलं, बराच विचार केला आणि मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं, 'जास्त भरलं होतं. लाल बटण आत ढकललं. मी केलं.'

ताईने पट्टा बांधलेल्या अंगठ्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं. डबा मात्र नणंदेने उचलला, आणि घरी पोचेपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही.