पखवाजाची कणीक

कणकवलीहून सुटलेल्या बसने मला सकाळी जोगेश्वरीच्या एक पूल पुढे उतरवलं. झोप लागली होती, चूक माझीच. हायवेच्या कडेने उलटा चालत आलो आणि रिक्षावाल्याला लेण्यांजवळची चाळ विचारली.

"तिकडे चाळीच चाळी आहेत, भाई. माणसाचं नाव बोल ना."

"रत्नामावशी. पखवाज वाजवतात."

"मग असं बोल ना. बस."

आमच्या गावाने मावशींना डबलबारीत (दोन बुवांमधला भजनाचा सामना) ऐकलं आहे. पुरुषांच्या त्या मेळ्यात त्या एकट्या बाई, आणि डावा हात इतका हलका की ठेका जमिनीतून येतोय असं वाटतं. माझा पदवीचा प्रकल्प त्यांच्यावरच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काही अडलं तर घरी विचारायची सोय नाही. मावशींची लेखी संमती हवी, नाहीतर प्रकल्प घेणार नाही, असं सरांनी बजावलं होतं.

"इलंस? हात धू आधी. कागद मगे," (आलास? हात धू आधी. कागद नंतर) मावशी म्हणाल्या.

काळ्या वाटाण्याची उसळ होती. सगळ्या चपात्या लाटून झाल्यावर उरलेला लिंबाएवढा गोळा त्यांनी पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला. कणकेशिवाय तिथे खर्ज लागत नाही, पण इतर वादक चांगली मूठभर लावतात. मावशींनी तेवढ्याशा कणकेवर असा नाद काढला की माझा घास हातातच राहिला.

रियाज झाल्यावर त्यांनी कणीक खरवडली. मदत म्हणून मी ती उचलून केराच्या डब्याकडे निघालो.

"ठेव खाली."

आवाज चढला नव्हता, तरी मी थबकलो.

मग त्या सांगू लागल्या. वडीलही पखवाज वाजवायचे. गिरणी बंद पडली आणि दारू लागली. घरात एका वेळचं पीठ असलं तरी भजनाला जाताना त्यातलंच मूठभर घेऊन जायचे. आई बोलली तर तिला मार. ते परतले की मावशी आणि धाकटी बहीण वाद्यावरची वाळलेली कणीक खरवडून खायच्या.

"चामड्याचा वास यायचा तिला," त्या म्हणाल्या. "म्हणून माझा वाजवायचा नियम. आधी माणसं जेवणार."

मी भारावून गेलो आणि तिथेच वहीत एक वाक्य लिहून वाचून दाखवलं: 'वडिलांच्या छळानेच हा हात घडवला.'

"खोड ता." (ते खोड.)

"पण मावशी, ते दिवस नसते तर..."

"तर लवकर शिकले असते. धाकटीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता रे. तीही त्याच घरात होती ना? तिची बोटं सरळच झाली नाहीत पुन्हा. दारात चिमटली, असं सांगायचो आम्ही."

मी पेन उघडलं. त्या पुढे म्हणाल्या,

"हात घडवला समोरच्या शेवंताबाईने. कामावर जाताना खोलीची किल्ली माझ्याकडे द्यायची, दार लावून वाजव म्हणून. तिचं नाव लिहिणार असशील तर सही करते."

मी वाक्य खोडलं, नाव लिहिलं. मावशींनी ते दोनदा वाचलं, आणि सही केली.

परतीच्या बसमध्ये प्रकल्पाची प्रस्तावना काढली. तिथे मी स्वतःबद्दल लिहिलं होतं, 'प्रतिकूल परिस्थितीमुळेच माझ्यात जिद्द आली.' त्याच परिस्थितीत माझ्या थोरल्या बहिणीची शाळा दहावीला सुटली होती. जिद्द तिच्यात कमी नव्हती. तेही वाक्य खोडलं आणि तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"मावशींनी सही दिली काय रे?" तिने आधी तेच विचारलं.