चार बोटं पाणी

एकोडीच्या टिकाराम कापगत्यांचं काम संपलं आहे, अशी त्यांच्या घरात समजूत होती. ती अगदीच चुकीची नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी गावतलावाचं पाणी वाटलं. कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं, हे ते तलावाच्या पायरीवर आडवी बोटं लावून ठरवत. गावात त्या पाण्यावरून डोकी फुटली, पण बोटांवर शंका कोणी घेतली नाही. पुढे शेतोशेती बोअरवेल झाल्या आणि बोटं निवृत्त झाली. आता टिकाराम ओसरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत आणि घरचे त्यांना "जेवता का?" याखेरीज काही विचारत नसत.

सून रीनाही विचारत नसे. त्या भाद्रपदात तिच्यापुढे दुसरंच संकट होतं.

दोन वर्षांमागे रोवणीच्या दिवसांत ती शेताच्या धुऱ्यावरून घसरली आणि तिचा गुडघा कामातून गेला. उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मागच्या अंगणातल्या मोरीवर उभ्याने भांडी घासायची सोय पूर्वजांनी केलेली नव्हती. शेवटी साकोलीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या भुपेंद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वयंपाकघरात ओटा बांधून घेतला आणि त्यात स्टीलचं सिंक बसवलं. पहिल्या दिवशी रीनाने उभ्याने भांडी घासली आणि विश्वास बसेना म्हणून तीच भांडी पुन्हा घासली.

तिसऱ्या महिन्यात सिंकाला वास येऊ लागला. आंबूस, ओला, कुठून तरी खोलातून वर येणारा वास. मेलेल्या उंदराची उपमा द्यावी तर उंदरावर अन्याय होईल.

रीनाने फोनवर पाहून खायचा सोडा टाकला, वर लिंबू पिळलं, उकळतं पाणी ओतलं. एक दिवस लिंबाचा वास आला, दुसऱ्या दिवशी लिंबासकट जुना वास आला. मग डांबराच्या गोळ्या झाल्या. त्यानंतर स्वयंपाकघरात कपाटातल्या जुन्या शालूतच काहीतरी मेल्यासारखं वाटायला लागलं.

सासू रुखमिणीने निकाल दिला. "आठ दिवसांनं महालक्ष्म्या बसतेत. ह्या वासात निवद रांधू काय मी? खुशाल मिस्त्रीले सांगून देल्लं, शुक्रवारी येते. काढून टाकते हे टोपलं."

"आई, मंग भांडे?"

"सिंक नव्हतं तवा लोकं काय पानावर जेवे?"

"पानावरच जेवे," ओसरीतून टिकाराम म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

गुरुवारी दुपारी ते पाणी प्यायला आत आले. रुखमिणीने सिंकाच्या भोकाशेजारी अर्ध्या बटाट्यात उदबत्ती खोचून ठेवली होती. देवाला नव्हे, वासाला. टिकाराम पाणी प्यायचे विसरून तिच्या धुराकडे पाहत राहिले.

"बाई, पंखा बंद कर. खिडकी बी लाव."

रीनाने दोन्ही केलं. म्हातारपणी माणूस काय म्हणेल सांगता येत नाही.

धूर सरळ वर चढायला हवा होता. पण तो वीतभर वर जाई आणि भोकाकडून कोणी फुंकर मारावी तसा पलीकडे झुके. टिकारामांनी उदबत्ती उचलून भोकावर धरली. सगळा धूर उसळून रीनाच्या तोंडावर आला.

"पाहून घे. पाइप श्वास सोडून राह्यला," ते म्हणाले. "वास सिंकात नाही, मागच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात हाय. हा पाइप निस्ती त्याची वाट होय. तुमी वाटंवर लिंबू पिळून राहिले." मग रीनाकडे वळून, "भाताची पेज कुठं टाकता?"

"गाय विकली तवापासून यातच, मामाजी."

"म्हणजे खड्ड्यातल्याचं जेवण बी वेळेवर जाऊन राह्यलं."

ते ओट्याखाली वाकून बसले, जिथे रीनाला बसता येत नव्हतं. खुशालने तो घड्यांचा पांढरा पाइप सिंकापासून भिंतीतल्या भोकापर्यंत ताणून नेला होता. टिकारामांनी तो काढला, बांबूच्या कमटीला फडकं गुंडाळून आत फिरवलं. पांढरं, बुळबुळीत, तीन महिन्यांच्या पेजेचं एक लांबलचक पिल्लू बाहेर आलं. रीनाने नाकाला पदर लावला, पण नजर हलवली नाही.

संध्याकाळी भुपेंद्रने साकोलीहून हातभर जास्त लांबीचा तसाच पाइप आणला. टिकारामांनी तो बसवताना मधे खाली झोल दिला, पुन्हा वर उचलला आणि झोल सुतळीने बांधून टाकला.

"मामाजी, यात तं पाणी अडकंल."

"अडकालेच पाह्यजे."

"सडन ना मंग?"

"तू भांडे धुशील तं जुनं पुढं जाईल, नवं येईल. पाणी आडवं उभं राह्यलं का हवेले वाट नाही."

त्यांनी एक लोटा पाणी ओतायला लावलं. मग बाहेरून झोलावर बोटं आडवी ठेवली. एक, दोन, तीन, चार. "पुरे," ते म्हणाले. तलावावरही ते एवढंच बोलत.

शुक्रवारी सकाळी खुशाल हातोडा-छिन्नी घेऊन हजर झाला. रुखमिणीने कोणालाही न विचारता नवी उदबत्ती लावली आणि भोकाशेजारी धरली. पंखा बंद होता. चौघं जण धुराकडे पाहत उभे राहिले. धूर वीतभर चढला, तिथे क्षणभर रेंगाळला, आणि तसाच सरळ छताकडे गेला.

"बाबाजी, मी तं पाइप एकदम नाकासमोर आणला होता," खुशाल म्हणाला.

"हो, नाकासमोरच आणला होता," टिकाराम म्हणाले.

रुखमिणीने वाकून सिंकात नाक घातलं. रीनाचा उभा संसार त्या नाकावर अवलंबून होता.

"लिंबाचा येऊन राह्यला," रुखमिणी सरळ होत म्हणाली. "खुशाल, चहा घेऊन जा. हातोडा आणलाच हाय तं देवघरातला खिळा ठोकून दे. अन् रीना, पेज आजपासून शेजारच्या पार्वताबाईच्या गाईले."

सगळे गेल्यावर रीना बराच वेळ सिंकासमोर उभी होती. पलीकडे अख्खा खड्डा, त्यातली तीन महिन्यांची सगळी सडण. अलीकडे हे घर, महालक्ष्म्यांचा नैवेद्य, तिचा गुडघा. आणि दोहोंच्या मधे फक्त चार बोटं खरकटं पाणी, सुतळीला टांगलेलं. ते काही करत नव्हतं. नुसतं थांबलं होतं. आणि हे ठाऊक असलेला माणूस इथून बारा पावलांवर इतके दिवस तो वास घेत बसला होता, कारण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तिने चहा ओसरीत नेला.

"मामाजी, किती दिवस राहीन ते पाणी?"

टिकारामांनी कप खाली ठेवला. असा प्रश्न त्यांना फार वर्षांनी आला होता आणि घाईने उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी उजव्या हाताची बोटं आडवी धरून पाहिली.

"घर बंद राह्यलं तं उन्हाळ्यात पंधरा दिवस. मंग सुकन. गावाले जाताना लोटाभर टाकून जायचं."

कोणी गावाला जाणार नव्हतं. रीनाने आत जाऊन लोटाभर पाणी ओतलं आणि ते खाली जाऊन थांबल्याचा आवाज कान देऊन ऐकला.